वाचलेलं सगळं कळतं, ऐकलेलं काहीच नाही : फ्रेंच शिकणाऱ्या एका वाचकाला उत्तर

प्रश्न : दोन वर्षं फ्रेंच शिकतोय. क्रियापदांची रूपं पाठ आहेत, लेखी चाचणीत चांगले गुण पडतात. पण रेडिओ लावला किंवा कुणी फ्रेंच माणूस बोलू लागला की सगळं एका दमात वाहून जातं, एक शब्द सुटा ऐकू येत नाही. नंतर तेच बोलणं छापलेलं पाहिलं की वाटतं, अरे, हे तर सगळं मला येतं! चार महिन्यांनी डेल्फची (फ्रेंच येत असल्याचं प्रमाणपत्र देणारी) बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा द्यायची आहे. व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करू? ५०० वाक्प्रचारांची एक यादी मिळाली आहे, ती पाठ करू? की दिवसभर काही ना काही फ्रेंच कानावर पडत ठेवू?

उत्तर : तिन्हींपैकी काहीच करू नका. छापलेलं पाहिलं की सगळं येतं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे व्याकरण कच्चं नाही आणि शब्दही कमी पडत नाहीत. तुम्ही फ्रेंच डोळ्यांनी शिकलात, आणि या भाषेत कागदावर दिसतं त्यातलं बरंच काही तोंडातून बाहेरच पडत नाही. तेव्हा जे व्याकरण येतं तेच आता कानाने पुन्हा शिकायचं आहे. चार महिने त्याला पुरतात, मात्र रोज अर्धा तास ठरवून बसावं लागेल.

खाली फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. 'झ' म्हणजे 'टेलिव्हिजन'मधला ज, 'ज़' म्हणजे 'जरा'मधला ज. चंद्रबिंदू किंवा अनुस्वार असेल तिथे स्वर नाकातून काढायचा, मागे 'न' किंवा 'म' लावायचा नाही. ही सोय या उत्तरापुरतीच. तुमच्या वहीत फ्रेंच स्पेलिंगच राहू द्या, कारण काही स्वर देवनागरीत बसतच नाहीत.

सुरुवात क्रियापदांपासून करू. 'बोलणे' या क्रियापदाची वर्तमानकाळातली सहा रूपं तुम्हाला पाठ असतील. त्यातली मी, तू, तो आणि ते ही चार रूपं लिहायला वेगवेगळी, पण उच्चार चारही ठिकाणी एकच : पार्ल. 'ते'च्या रूपात शेवटी येणारी तीन अक्षरं निव्वळ कागदावरची आहेत. त्यामुळे ऐकताना क्रियापदाच्या शेवटाकडे कान लावून बसलात तर हाती काही लागत नाही. कर्ता आधीच निघून गेलेला असतो. 'ई पार्ल' ऐकून तो बोलतोय की ते बोलतायत हे फ्रेंच माणसालाही संदर्भावरूनच कळतं. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर मात्र मधे एक खूण सापडते : 'ई-लारीव्ह' म्हणजे तो येतोय, 'ईल-ज़ारीव्ह' म्हणजे ते येतायत. सगळा फरक त्या एका ज़चा.

दुसऱ्या गटातल्या ('संपवणे'सारख्या) आणि अनियमित क्रियापदांत गंमत उलटी आहे. तिथे अनेकवचनात एक व्यंजन जागं होतं. तो संपवतो : फीनी, ते संपवतात : फीनीस. तो बाहेर जातो : सोर, ते जातात : सोर्त. तो म्हणतो : दी, ते म्हणतात : दीज़. तो घेतो : प्राँ, ते घेतात : प्रेन. हीच युक्ती विशेषणांच्या स्त्रीलिंगाला चालते : पती-पतीत, ग्राँ-ग्राँद, फ्राँसे-फ्राँसेज़. 'चांगला-चांगली' याला बों-बॉन. इथे 'न' उच्चारला की स्वरातलं नाक सुटतं. क्रियापदात अनेकवचन आणि विशेषणात स्त्रीलिंग, दोन्ही शेवटच्या व्यंजनावरून ओळखायचं, एवढी एकच गोष्ट कानात बसली तरी व्याकरणाच्या पुस्तकातली पाच-सहा पानं ऐकू यायला लागतात.

एक फसगत सांभाळा. पुल्लिंगी विशेषणापुढे स्वराने सुरू होणारा शब्द आला की तिथेही व्यंजन ऐकू येतं : 'पती-तामी' हा मित्रही असू शकतो, मैत्रीणच असेल असं नाही. हे जोडाचं व्यंजन. एरवी मुकं असलेलं शेवटचं अक्षर पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं आणि चिकटताना कधी आवाजही बदलतं : लिहिलेला 'द' ऐकू येतो 'त' (ग्राँ-तॉम), लिहिलेला 'स' ऐकू येतो 'ज़' (ले-ज़ामी, वू-ज़ावे). नऊ या आकड्यातला 'फ' तास आणि वर्षं या शब्दांपुढे 'व्ह' होतो. शाळेत शिकलेल्या संधी आठवा. फरक इतकाच की फ्रेंचमध्ये संधी झालेली लिहून दाखवत नाहीत. आणि 'आणि' या अर्थाच्या 'ए'नंतर जोड कधीच होत नाही, तेव्हा तिथे ऐकू आलेलं व्यंजन पुढच्या शब्दाचं स्वतःचं असतं.

तुम्हाला 'सुटे शब्द' ऐकू येत नाहीत याचं कारण हेच. बोलीत सुटे शब्द नसतातच. चार-सहा शब्दांचा एक गठ्ठा होतो, त्यातल्या अक्षरांचा ठोका साधारण सारखा पडतो आणि गठ्ठ्याचं शेवटचं अक्षर किंचित लांबतं. शब्द कुठे संपला हे शोधायचं सोडा, गठ्ठा कुठे संपला ते पकडा.

त्यात बोलताना लोक गिळतात. 'अजून आहेत की नाही, मला माहीत नाही' हे वाक्य पुस्तकी उच्चारात असं होतं : झ-न-से-पा-सी-ल्याँ-ना-आँ-कोर, नऊ ठोके. रोजच्या बोलण्यात : शे-पा-स्याँ-ना-आँ-कोर, सहा. नकाराचा पहिला तुकडा 'न' गेला, 'झ' आणि 'से' मिसळून 'शे' झालं, 'सील'मधला 'ल' पुसला गेला. हे गावंढळ किंवा अशुद्ध नाही, शिकलीसवरलेली माणसंही घरात-कचेरीत असंच बोलतात. नकार ऐकताना पहिल्या 'न'ची वाट पाहू नका, तो बहुतेकदा येणारच नाही. 'पा' (नाही), 'झामे' (कधीच नाही), 'रियँ' (काहीच नाही) यांच्यावर लक्ष ठेवा. 'मी आहे' याचं 'शुई', 'तुझ्याकडे आहे' याचं 'ता', 'तिथे आहे' याचं नुसतं 'या', आणि 'आम्ही' म्हणायला 'नू'ऐवजी जवळजवळ नेहमी 'ओं'. ही पाच-सात रूपं पहिल्याच आठवड्यात तोंडात बसवा. स्वतः म्हणून पाहिलेलं कान लवकर ओळखतो.

'न' गळण्याचा एक परिणाम मजेदार आहे. 'प्ल्यु' या शब्दाचे अर्थ दोन : 'आणखी' आणि 'आता नाही'. नकारातला 'न' गळला की दोन्ही वाक्यं लिहायला सारखीच दिसतात. मग बोलणारे शेवटच्या 'स'वर भागवतात. 'झाँ व्ह प्ल्युस' म्हणजे मला आणखी हवंय, 'झाँ व्ह प्ल्यु' म्हणजे मला आता नको. इथे डोळा हरतो आणि कान जिंकतो.

आवाजांपैकी दोनच गोष्टींवर वेळ घाला. पहिली नाकातले स्वर. मराठीत 'बंद' म्हणताना आपण अनुस्वाराचा सरळ 'न्' करतो, त्याच सवयीने फ्रेंच नमस्काराचाही 'बॉन्झूर' होतो. तिथे जीभ टाळूला लागायलाच नको. बों (चांगला), बॅं (अंघोळ), बाँ (बाक) हे तीन शब्द आरशासमोर म्हणा : पहिल्याला ओठ गोल, दुसऱ्याला ओठ ताणलेले, तिसऱ्याला जबडा उघडा. दुसरी गोष्ट 'ऊ'च्या जागी येणारा तो अडचणीचा स्वर. 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ शिट्टी मारल्यासारखे पुढे काढा. तो आला की 'दस्यु' (वर) आणि 'दसू' (खाली) वेगळे ऐकू येतील. नाहीतर पुस्तक कपाटाच्या वर आहे की खाली, हे कधीच कळणार नाही. घशातल्या 'र'ची एवढी काळजी नको. आपल्या जिभेचा 'र' लावला तरी समोरच्याला कळतं.

आता रोजचा अर्धा तास. उपाय जुना आहे : श्रुतलेखन. फ्रान्समध्ये श्रुतलेखन हा शाळेतला धडा तर आहेच, शिवाय मोठ्यांचाही खेळ आहे. १८५७ साली फोंतेनब्लोच्या दरबारात लेखक प्रॉस्पेर मेरिमेने घातलेल्या श्रुतलेखनात सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या ७५ चुका निघाल्या असं सांगतात. तुमच्या दहा-बारा निघाल्या तर वाईट वाटून घेऊ नका.

ध्वनिमुद्रण ६० ते ९० सेकंदांचं घ्या, त्याहून लांब नको, आणि त्याची लिखित प्रत हवीच. प्रत नसेल तर चूक कुठे झाली ते कळणार नाही आणि सगळी मेहनत वाया. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र प्रतीसकट मिळतं; त्यातली एकच बातमी घ्या. टीव्ही-सॅंक-मोंद या फ्रेंच भाषेतल्या वाहिनीच्या शिकणाऱ्यांसाठीच्या विभागात पातळीनुसार लावलेले फुकट स्वाध्याय आहेत. पण बातम्या निवेदक वाचून दाखवतात, त्यांत गिळलेलं बोलणं फारसं सापडत नाही. म्हणून आठवड्यातले दोन दिवस मुलाखत किंवा गप्पा घ्या.

आधी दोनदा नुसतं ऐका. कोण, कुठे, कशाबद्दल एवढं मनाशी ठरवा. मग एकेक गठ्ठा थांबवत लिहा. एक गठ्ठा जास्तीत जास्त पाच वेळा. तरी नाही कळला तर रिकामी जागा सोडून ठोके मोजा आणि तितक्या रेघा ओढा. हे टाळू नका, कारण प्रत पाहताना त्या रेघाच सांगतात की तुम्हाला ऐकू आलं नव्हतं की ऐकू येऊन समजलं नव्हतं. वेग कमी करायचा मोह झाला तर पाऊणपटीपर्यंतच; त्याखाली आवाज ताणले जातात आणि खऱ्या बोलण्यात ते तसे कधी येणारच नसतात.

त्यानंतर प्रत उघडून लाल पेनाने तपासा. नुसती चूक खोडून पुढे जाऊ नका, प्रत्येक चुकीपुढे एक खूण करा. शब्दच माहीत नव्हता, तर 'श'. शब्द माहीत होता पण ओळखला नाही, तर 'क'. ऐकलं बरोबर पण रूप चुकीचं लिहिलं, तर 'व्य'. तुमच्या पत्रावरून अंदाज आहे की पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त खुणा 'क'च्या निघतील. 'व्य'च्या खुणा एकाच जागी गोळा होत असतील तरच व्याकरणाचं पुस्तक उघडा, आणि तेही फक्त त्या प्रकरणापुरतं. 'श' एका मिनिटात दहाच्या वर जात असतील तर मजकूर तुमच्या पातळीचा नाही, बदला.

शेवटची पाच मिनिटं तोंडासाठी. प्रत समोर ठेवून, मुद्रण चालू असतानाच त्याच्या मागोमाग बोला, अर्धा सेकंद मागे राहून. श्वास बोलणारा घेतो तिथेच घ्या. दोन दिवसांनी तोच तुकडा प्रतीशिवाय एकदा ऐका. ही उजळणी बहुतेक जण गाळतात, आणि कानात काय बसलं हे नेमकं तेव्हाच कळतं.

काम करताना मागे फ्रेंच लावून ठेवण्याबद्दल : करमणूक म्हणून लावा, अभ्यासात धरू नका. लक्ष न देता ऐकलेल्या अनोळखी भाषेचा मेंदू गोंगाट करून टाकतो. चित्रफितीखाली इंग्रजी ओळी असतील तर तो वाचनाचाच सराव होतो. ओळी हव्यातच तर फ्रेंच लावा, आणि आधी एकदा त्यांच्याशिवाय पाहून घ्या.

आकड्यांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळा काढा. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात, आणि ७० म्हणजे 'साठ-दहा', ९० म्हणजे 'चार-वीस-दहा'. 'स्वासाँत' (साठ) ऐकताच तुमचा हात ६ लिहितो, मग 'दूज़' (बारा) येतं आणि कळतं की आकडा ७२ होता. तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते. उपाय एकच : जोडी पूर्ण होईपर्यंत पेन टेकवायचं नाही. बेल्जियम-स्वित्झर्लंडचे लोक ७० आणि ९०साठी 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत' म्हणतात, त्यांचं ऐकणं सोपं. वेळ सांगताना 'दज़र' (दोन) आणि 'दूज़र' (बारा), 'त्र्वाज़र' (तीन) आणि 'त्रेज़र' (तेरा) या जोड्या मुद्दाम घोटा. गाडी चुकते ती अशाच ठिकाणी.

व्याकरणात मराठीचा आधार घ्या. इंग्रजीतून गेलात की काही ठिकाणी उगाच अडखळायला होतं. 'त्यु म माँक' हे वाक्य इंग्रजीच्या वाटेने गेलेले लोक हमखास उलटं समजतात, कारण त्यात कर्ता 'तू' आहे. आपल्याला 'तू मला आठवतोस' म्हणायची सवय आहेच. 'साम प्ले' म्हणजे 'ते मला आवडतं', घडण तीच. भूतकाळाचंही तसंच. 'झे पार्ले' म्हणजे 'मी बोललो'. 'झ पार्ले' म्हणजे 'मी बोलत होतो' आणि 'मी बोलायचो' हे दोन्ही. शेवटच्या 'ए'मध्ये बारीक फरक आहे, पण पुष्कळ जणांच्या बोलण्यात तो निसटतो, म्हणून फरक सुरुवातीला शोधा : 'झे' की 'झ'.

भूतकाळी रूपाचं लिंग कर्माप्रमाणे बदलणं हे इतरांना डोकेदुखी वाटतं, आपल्याला नाही. 'तिने लिहिलेली चिठ्ठी' यात 'लिहिलेली' स्त्रीलिंगी आहे, फ्रेंचमध्येही तसंच : 'ला लेत्र के-ला एक्रीत', आणि तो 'त' ऐकू येतो. मात्र 'तिने चिठ्ठी लिहिली' म्हणताना चिठ्ठी क्रियापदानंतर येते, म्हणून फ्रेंच रूप बदलत नाही : 'एला एक्री ला लेत्र'. मराठीच्या सवयीने तिथेही 'एक्रीत' म्हणाल, सांभाळा. स्वामित्वदर्शक शब्द मराठीप्रमाणेच वस्तूच्या लिंगावर चालतात, पण मालक पुरुष की स्त्री हे ते सांगत नाहीत. 'सा मेर' त्याचीही आई, तिचीही आई. 'सोंनामी' ऐकून तर मित्र की मैत्रीण हेसुद्धा ठरत नाही. पुढचं विशेषण येईपर्यंत थांबायचं.

राहिली वाक्प्रचारांची यादी. अशा याद्यांमध्ये नजरेत भरणारे प्रयोग पुढे असतात : 'पोज़े अँ लापॅं', शब्दशः ससा ठेवणे, म्हणजे भेटायची वेळ देऊन न फिरकणे, 'तोंबे दाँ ले पॉम', सफरचंदांत पडणे, म्हणजे भोवळ येणे. लक्षात राहतात खरे, पण कानावर क्वचित पडतात. एका मुलाखतीत पंधरा वेळा येतात ते बारके शब्द : 'द्यु कू' (मग, त्यामुळे), 'काँ मेम' (तरीपण), 'साय्ये' (झालं एकदाचं), 'सा मार्श' (चालेल), 'नॅंपोर्त क्वा' (काहीच्या काही). हाक मारल्यावर येणारं 'झारीव्ह' म्हणजे आपलं 'आलोच'. 'तूतालर' जपून घ्या, तो 'मघाशी'ही होतो आणि 'थोड्या वेळाने'ही. क्रियापदाचा काळ ऐकल्याशिवाय अर्थ ठरवू नका. परीक्षेत गुण खाणारी जोडी म्हणजे 'आँ फेत' आणि 'आँनेफे'. पहिला आधीचं बोलणं दुरुस्त करतो, 'खरं तर तसं नाही' असा सूर. दुसरा दुजोरा देतो, 'अगदी बरोबर'. गैरसमज झाला की आख्खी मुलाखत उलटी कळते.

हे शब्द कार्डांवर घालायचे तर कार्डाच्या पुढच्या बाजूला लेखन नको, वाक्याचा आवाज घाला. मागे स्पेलिंग आणि मराठी अर्थ. अँकीसारख्या ॲपमध्ये हे करता येतं. रोज नवी कार्डं आठ-दहाच.

परीक्षेबद्दल थोडक्यात. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १००पैकी ५० लागतात, पण कुठल्याही एका भागात पाचच्या खाली गेलात तर एकूण कितीही असोत, नापास. म्हणून लिहिण्याच्या गुणांवर ऐकणं ओढून नेऊ असा हिशेब करू नका. बी-वनच्या ऐकण्याच्या भागात तीन मुद्रणं, प्रत्येक दोनदा, सगळं मिळून साधारण २५ मिनिटं. मुद्रण सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला वेळ देतात. त्या वेळात प्रश्नांतली नावं, आकडे आणि प्रश्नार्थक शब्द अधोरेखित करा, उत्तराचा अंदाज बांधत बसू नका. ऐकलेला शब्द जसाच्या तसा एखाद्या पर्यायात दिसला म्हणून तोच निवडू नका. योग्य पर्यायात तीच गोष्ट बहुधा वेगळ्या शब्दांत मांडलेली असते. पहिल्या वेळी एखादं उत्तर निसटलं तर तिथेच अडकू नका, दुसरी वेळ त्यासाठीच आहे. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा जागा रिकामी सोडायची नाही.

पहिले तीन आठवडे प्रगती जाणवणार नाही, उलट चुका दिसू लागल्यामुळे आपण मागे चाललोय असं वाटेल. तेव्हा मजकूर सोपा करा, पण श्रुतलेखन थांबवू नका. महिनाअखेरीस 'क'च्या खुणा मोजा. पहिल्या आठवड्यापेक्षा निम्म्यावर आल्या नसतील, तर बहुधा मागोमाग बोलण्याची ती पाच मिनिटं राहून जात असतील.